निळ्या फुलांचा कप

स्वीडनमधल्या उमेओ शहराच्या बसमध्ये पुढच्या बाकावर साठीच्या दोन बहिणी बसल्या होत्या, आणि मागे बसून त्यांचं बोलणं ऐकणाऱ्या शाळकरी तूवाचं गणिताचं पुस्तक केव्हाच मिटलं होतं.

“मायलिस, तिसऱ्यांदा केक बसला गं! उद्या बाबांना नव्वद वर्षं पूर्ण होतात, आणि त्यांना आई करायची तस्साच हवाय.”

“आईच्या वहीत काय लिहिलंय, ताई?”

“एक कॉफीचा कप मैदा. कॉफीचा कप म्हणजे दीड डेसिलिटर, म्हणजे नव्वद ग्रॅम. काट्यावर तोलून घातला!”

“आईकडे काटा कुठे होता? तिचा तो निळ्या फुलांचा कप होता. त्यात चांगले दोन डेसिलिटर मावतात.”

“तुला काय ठाऊक?”

“माझ्याकडेच आहे. दात घासायचा ब्रश ठेवते त्यात.”

“अगं भवाने! आईच्या कपात ब्रश?”

“आई गेल्यावर वही तू उचललीस. मला काय उरलं होतं?”

तूवाचा थांबा आला आणि गेला.

“उद्यापुरता दे ना तो कप.”

“कप मिळायचा नाही.”

“मायलिस!”

“मीच घेऊन येते. तू वही वाच, मैदा मी घालते.”

“ये. पण आधी ब्रश काढ.”