सगुईचा बाप

ब्राझीलमधल्या नाताल शहरात लसीकरण केंद्राबाहेर लिंदाल्वा रांगेत उभी होती. तिच्या मागे एक आजी तान्ह्या नातीला हातांवर घेऊन आपल्या मुलाशी बोलत होती.

"आदेल्मो, धर हिला. हात भरून आले माझे."

"नको आई, उठेल ती."

"महिना होत आला. एकदा तरी घेतलंस का? विद्यापीठातल्या त्या मुठीएवढ्या सगुई माकडांना मात्र जीव लावतोस."

"सगुईंचं वेगळं असतं. त्यांच्यात बापच पिल्लं पाठीवर घेऊन हिंडतो. आई नुसती पाजते. बापाच्या रक्तात एक हार्मोन वाढतं, आमच्या प्रयोगशाळेतल्या बाई मोजतात ते."

"आणि तुझ्या रक्तात?"

"तेच तर. कातिया बाळंत झाल्यापासून तिकडे हॉस्पिटलात पडलीय, मी पोरीकडे बघतो आणि मला काहीच वाटत नाही. कुणाला सांगू हे?"

लिंदाल्वाने मान वळवली नाही.

"मला एक सांग," आजी म्हणाली. "ते वाढतं कधी? पिल्लू घेण्याआधी की घेतल्यावर?"

"घेतल्यावर. पाठीवर असतं तेव्हा जास्त."

"मग?"

आदेल्मोने हात पुढे केले.

"मानेखाली हात घाल. हं, असा."

"किती हलकी आहे गं."

"वाटतंय काही?"

"अजून नाही."

"बरं, आण इकडे."

"असू दे थोडा वेळ."

लिंदाल्वाचा नंबर पुकारला गेला. ती मागे वळली.

"तान्हं बाळ आहे. तुम्ही आधी जा."

"राहू द्या, ताई," आदेल्मो म्हणाला. "आम्हाला घाई नाही."