गार गाडीची साक्ष

...नाही हो दादा, गाडी बिघडली असेल म्हणून झोप उडाली नव्हती — बिघडलेली नसेल म्हणून उडाली होती. हसू नका. दोनदा तुमच्या गॅरेजात आणली, दोन्ही वेळा तुम्ही चाक इकडून तिकडे फिरवलंत, पॉवर स्टीअरिंगचं तेल पाहिलंत आणि म्हणालात, ताई, लोण्यासारखं फिरतंय. फिरणारच — इथवर येईपर्यंत इंजिन तापलेलं. सकाळी गेटातून बाहेर काढताना बघा — पहिल्याच वळणाला स्टीअरिंग असं जड, जसं काही पलीकडून कुणी धरून ठेवलंय, आणि वर ती किंकाळी. संध्याकाळी मी ऑफिसातून येऊन गाडी उभी करते न करते तोच माझ्या या लेकीचे बाबा ती घेऊन बाहेर पडतात — आयती तापलेली. त्यांना कसला आवाज येणार? त्यांचं निदान ठरलेलं — गाडीत काही नाही, तुझ्या मनात आहे. त्यात मी शिकलेली-सवरलेली, म्हणजे मनात असायला जागाही भरपूर.

काल तुम्ही म्हणालात, गाडी रात्रभर इथेच राहू द्या, सकाळी गार असताना सुरू करून बघू — त्यावर हे काय म्हणाले? म्हणाले, ठीक आहे, आवाज आला नाही तर सोमवारपासून हिला शाळेत मी सोडणार, किल्ली माझ्याकडे. अगदी प्रेमाने म्हणाले हो, तेच तर — भांडायलाही सोय नाही. आणि मी शहाणी, हो म्हणून बसले. मग काय, रात्रभर छताकडे बघत पडून राहिले. ज्या गाडीत लेकीला बसवायचं ती नादुरुस्त निघू दे म्हणून तळमळणारी आई पाहिलीत कधी? आता पाहा.

तेव्हा मघाशी तुम्ही चाक वळवलंत, ती किंचाळली आणि मी टाळी वाजवली, ते वेड लागलं म्हणून नाही. काय म्हणता — पट्टा? स्टीअरिंगचा पंप फिरवणारा? सैल झालाय, गार असताना घसरतो, तापला की धरतो — म्हणजे मी सांगत होते तेच की! फक्त पट्ट्याचं नाव मला ठाऊक नव्हतं. बदला, बदला — नाही, थांबा, आधी हिच्या बाबांना फोनवर ऐकवू द्या. लगेच बंद केलीत ते बरं केलंत, तापली असती तर परत मीच खोटी.

आणि साक्षीदार आहे ना माझ्याकडे, ही काय, मागच्या सीटवरची. परवा बाबांनी विचारलं तर म्हणाली, येतो की आवाज, वळताना — आणि काढून दाखवला, दात दाबून, ईऽऽ करून. हे म्हणाले, तूच शिकवलंस. मी कशाला शिकवू? मी तर वळताना चकार शब्द काढत नाही — दातावर दात, नजर समोर, श्वाससुद्धा वळण संपल्यावर. लागला फोन. हं, ऐकताय ना? स्पीकरवर टाकते. दादा, करा सुरू, फिरवा — अजून, अजून — आला? आला ना? माझं नका ऐकू, तिला विचारा. ये गं बाळा, फोनजवळ ये, सांग बाबांना, हाच ना आपला रोजचा आवाज? मोठ्याने सांग.

“हा गाडीचा आहे बाबा. आईचा वेगळा असतो.”