धाकटीची बावीस गाणी

हसा, हसा — फक्त खांदे हलवू नका, टाचणी लागेल. सगळेच हसतात. शिंप्याला इंग्रजी येतं, आणि तेही गाणी ऐकून, म्हटल्यावर हसू येणारच की. तुमची मुलाखत इंग्रजीत आहे म्हणालात म्हणून तोंडातून निघून गेलं, नाहीतर मी कुठं कुणाला सांगत बसतो? समोर आरशात बघा. उजवा हात जरा वर. बाही साडेतेवीस — नाही, लिहून घ्यायला नको. मापाची वही मी कधी ठेवलीच नाही. एकदा कानावर पडलं की राहतं माझ्या. दोन वर्षांपूर्वी तुम्ही पँट शिवून नेली होतीत, कंबर बत्तीस. आता चौतीस झालीय, ते जाऊ द्या.

कुणी शिकवलं म्हणता? आमच्या धाकटीनं. ती परदेशात शिकायला गेली, तिकडेच नोकरीला लागली, आणि तिची आई गेल्यावर माझ्यामागे लकडा लावला — बाबा, दुकान बंद करा, माझ्याकडे या. मी म्हणायचो, मला कुठं इंग्रजी येतं, विमानतळावरच हरवेन मी. बहाणा हो, दुसरं काय? हे मशीन सोडून पाय निघत नव्हता. पण पोरगी माझीच ना, हटून बसली. दर रविवारी फोनवर एक गाणं पाठवायची. म्हणजे कसं — आधी गाण्याची एक ओळ वाजायची, मग धाकटीच्या आवाजात त्या ओळीचा अर्थ, मग म्हणायची, 'आता तुम्ही म्हणा, बाबा,' — आणि तेवढी जागा मोकळी सोडायची. मला म्हणता यावं म्हणून. मग पुढची ओळ. अशी बावीस गाणी. नोकरी करून, हो.

आणि मी ऐकली का? तिनं विचारलं की म्हणायचो, ऐकलं, छान होतं, चाल फार गोड. एकसुद्धा उघडलं नव्हतं. ती विचारायची, कुठली ओळ आवडली? की मी म्हणायचो, गिऱ्हाईक आलंय, ठेवतो. तिला कळत असणार, नाही असं नाही, पण पुढच्या रविवारी गाणं यायचंच — पाठ ताठ करा. हां. इथं कोट ढिला आहे, थोडा आत घेतो.

मग तो फोन आला. भरदुपारी, मी असाच एका कोटाला बाही लावत होतो. अनोळखी नंबर, लांबलचक. तिनंच बजावलेलं, अनोळखी नंबर उचलू नका, बाबा, हल्ली फार फसवतात. दोनदा कट केला. तिसऱ्यांदा वैतागून उचलला. कुणी बाई इंग्रजीत बोलत होती, सावकाश, अगदी समजावून. मी म्हणालो, राँग नंबर. तेवढं येत होतं मला. ठेवून दिला आणि बाही पुरी केली — चांगली बसली होती ती बाही, अजून आठवते. संध्याकाळी तिच्या मैत्रिणीचा फोन आला, तो आपल्या भाषेत होता. रस्ता ओलांडताना गाडीनं उडवलं म्हणाली. दवाखान्यात तीन तास होती.

त्यानंतर मी गाणी उघडली. रोज सकाळी, शटर वर करायच्या आधी, एकेक ओळ. ती म्हणते, 'आता तुम्ही म्हणा, बाबा,' मी म्हणतो. चुकलो तरी ती पुढे जाते, रागवत नाही. जिवंतपणी फार रागवायची. हळूहळू शब्द येत गेले, आणि मग — कसं सांगू तुम्हाला — त्या दवाखान्यातल्या बाईचं बोलणं माझ्या कानात होतंच ना, जसंच्या तसं, तुमच्या बाहीच्या मापासारखं. नुसता आवाज होता, अर्थ नव्हता. सहाव्या गाण्यात एक शब्द भेटला आणि फोनवरचा तोच शब्द मला कळला. नवव्यात आणखी एक. मला वाटायचं बंद करावं, पण बंद केलं तर धाकटीचा आवाजही बंद. बाविसाव्या गाण्यात कुणीतरी रात्रभर जागं आहे. धाकटी सांगते, 'अवेक म्हणजे जागं असणं, बाबा.' त्या दिवशी मी शटर वर केलंच नाही.

आता मघाशी तुम्ही हसून म्हणालात, गाण्यातलं इंग्रजी काही खरं नसतं, तिथं शब्द कसेही वापरतात. बरं वाटलं मला ते ऐकून, खरंच सांगतो. तुम्ही शिकलेले आहात, तुम्हीच सांगा. ती बाई म्हणाली — 'शी इज अवेक. टॉक टु हर. प्लीज, जस्ट टॉक टु हर.' आता मी गाण्यांवरून जुळवलंय ते असं, की ती जागी आहे, तिच्याशी बोला, नुसतं बोला. म्हणजे फोन धाकटीच्या कानाशी धरलेला असणार. म्हणजे मी जे बोललो ते तिनं ऐकलं असणार. पण मी चुकतही असेन. गाण्यावरून शिकलेला माणूस मी. खऱ्या इंग्रजीत त्याचा दुसरा काही अर्थ होत असेल ना?

आरशात नका बघू. माझ्याकडे बघून सांगा.

बरं. हात खाली घ्या. कोट सावकाश काढा, टाचण्या आहेत. शुक्रवारी न्या.