शेपटीची मोटर

१९७८ साली किकवीच्या थांब्यावर मी पुण्याच्या एसटीची वाट बघत होतो. मागं दोन भाऊ बोलत होते. थोरले नाना हवाई दलातून निवृत्त झालेले मेकॅनिक, धाकटा भिमा शेतकरी. पुण्याला निघालेल्या भिमाला गाडीत बसवून द्यायला नाना आले होते.

"नाना, पुण्यात सर्व्हो कंचा घ्यायचा, ते नीट सांगा."

"अरं, काड्यापेटीएवढी मोटर ती, पर खेळण्यातल्या इमानाची शेपटी तीच वळवती. दुकानदाराला चालवून दाखवाया सांग आन् कानाला लाव. खरखर आली तर घेऊ नगंस."

"मंग?"

"धा येळा वळवून सोडायची. दर येळी बरूबर मधी येऊन थांबली, तरच घ्यायची."

"वरव्याच्या माळावर पयलं इमान उडवलं, तवा कुठं ठावं हुतं ह्ये?"

"म्हून तर ग्येलं. सर्व्हो अडकला आन् इमान सरळ राजगडाकडं निघालं. तू अनवाणी पळालास."

"तुमी बी पळला की, इमान वळवायचा रेडिओचा डबा छातीशी धरून!"

"सापडलं न्हाई, तरी घरी येस्तोवर हसत हुतो."

"लई हसलो, नाना."

"आता नवं इमान तूच उडव."

"आन् तुमी?"

"मला आभाळातलं काय दिसत न्हाई रं आता. सगळं धुरकट."

एसटी येऊन थांबली.

"कान तर हाय न्हवं? मंग सर्व्हो तुमीच पारखा. चढा गाडीत."

"आन् उडवनार कोन?"

"तुमीच. इमान कुठं हाय, त्ये मी सांगत जाईन. तुमी वळवा."