सायकलचं दोन वेळचं दूध

मी एकदाच सायकल विकली, परत विकणार नाही! कार्बनची, जेमतेम दोन महिने वापरलेली. पाठ धरली म्हणून विकायला काढलीती. वारणानगरकडनं एक पावणं सकाळीच टेम्पो घेऊन आले. धंदा म्हशींचा, सायकल लेकीसाठी हवी होती.

म्हणाले, "म्हैस घेताना आमी दोन वेळचं दूध बघतोय. ही बी संध्याकाळपतोर बघतो, मग बोलू."

भिडेखातर मी म्हणालो, "न्या की."

टेम्पो वळला आणि बायको म्हणाली, "पत्ता तरी विचारलासा काय?"

कार्बनला एक ठोका बसला तरी चीर पडते. फोन लावला, "आडवी ठेवू नका." परत लावला, "वर काही ठेवू नका." पाचव्यांदा त्यांनी उचललाच नाही. संध्याकाळी मी गाडी काढून वारणानगरला निघणार, एवढ्यात टेम्पो दारात.

"कशी चालली?"

"चालवली कुठं? टेम्पोतनं उतरवलीच न्हाय."

"मग दिवसभर बघितलं काय?"

"तुमास्नी बघितलं. खोडीची म्हैस गळ्यात मारणारा नंतर फोन बी उचलत न्हाय. तुमी सोताहून पाच केलासा. सायकल पसंत हाय."