तवंदीच्या चढावर वाजत न्हाई

—असं नुसतं झाकण उघडून वाकून बघत बसलासा तर हितंच दुपार हुईल, मिस्त्री. आमचं मालक मोटारस्टँडवर गेल्यात, गाडीचं गिऱ्हाईक, त्यो संकेश्वरचा गूळवाला, त्याला घेऊन याय. बाराची सर्व्हिस मोटार आली की दोघंबी दारात. त्याच्या आत मला सांगा, इंजन मेलंय का जित्तं हाय? मेलं असंल तर खुशाल न्हेऊ दे त्याला. पर जित्तं असंल तर ही गाडी ह्या दारातनं हलायची न्हाई—व्हय, मीच धाडलं आमच्या कामाच्या मालुबाईला तुमास्नी बोलवाय. मालकांस्नी ठावं न्हाई. आणि तुमीबी सांगायचं न्हाई.

आवाज कसला म्हणता? पत्र्याच्या डब्यात कुणी खडं हलवल्यागत. हळू चालली की वाजती, पळाय लागली की गप. आता हळू म्हंजे किती हळू, ते मालकांच्या शेजारी बसल्याबिगर तुमास्नी कळायचं न्हाई. परवा आमच्या जैनांच्या बस्तीत देवदर्शनाला निघालो, तर डोक्यावर शेणीची पाटी घेतलेली म्हातारी आमच्या म्होरं गेली—आणि वळून म्हणती कशी, "राजमती आक्का, उतरून चला, लवकर पोचशिला!" हसू नगासा. आमच्यात जीव सांभाळायचा असतोय, ते खरं हाय, मीबी सांभाळते—कोंबडं आडवं आलं की थांबावं, कुत्रं निजलं असलं की वळसा घालावा—पर ह्यांचं म्हंजे रस्त्यावरची मुंगी वळखू आली पायजे एवढं हळू! आणि एवढ्या हळू चालताना गिअर कुठला? वरचा. पार शेवटचा. खाली घ्याय जावं तर खर्रर्र करतोय, बाजारातली माणसं बघत्यात, म्हणून एकदा वर टाकला की बस्तीपतूर त्योच. आणि हातातल्या चाकाजवळची ती ठिणगीची दांडी—आमचा मष्णू ड्रायव्हर कोल्हापूर दरबारात नोकरीला लागला, तवा जिथं ठेवून गेलता तिथंच हाय अजून. पार म्होरं. देव असल्यागत तिला कुणी हात लावत न्हाई. ठिणगी आधीच पडाय लागली, वरनं एवढा मोठा गिअर, मग इंजन बिचारं बोंबलंल न्हाई तर काय करंल? मुंगीला वाट देत्यात आणि इंजनाचा जीव घेत्यात! दांडी जरा मागं वढायची, गिअर एक खाली घ्यायचा, की आवाज गप. तवंदीच्या चढावरसुदीक वाजत न्हाई.

…असं काय बघतासा? मष्णू सांगायचा. मागं बसून ऐकलंय मी…व्हय, मष्णू गेल्याला दोन वर्सं झाली. आणि आवाज दिवाळीपास्नंचा. व्हय की, मालक तवंदीला कधी गाडी न्हेत न्हाईत, घाट म्हणलं की घाम फुटतोय त्यास्नी…तुमी इंजन बघाय आलासा का माझी जबानी घ्याय? बरं, ऐका. पर ह्या कानाचं त्या कानाला कळू द्यायचं न्हाई. मालक तंबाखूच्या कामानं बेळगावला गेले की मी जाते. तवंदीच्या वरपतूर. मष्णूनंच शिकिवलं, आमच्या खळ्यावर, तंबाखू उचलून न्हेल्यावर. गाव बघतंय, पर मालकांस्नी सांगायची कुणाची छाती हाय? घाट चढून वर गेलं की, मिस्त्री, कसं सांगू तुमास्नी—वारं असं तोंडावर येतंय, डोक्यावर पदर ऱ्हात न्हाई आणि तो ठीक कर म्हणाय बी तिथं कोण नसतंय. सोळा वर्सं झाली मला ह्या घरात यून. सगळं हाय, कशाला न्हाई म्हणू? पर माझं असं तेवढंच हाय. गाडी गेली की ते बी गेलं. म्हणून बोलिवलं तुमास्नी.

तर तुमी एवढंच म्हणायचं—इंजन झ्याक हाय, सावकार, आतली काजळी तेवढी खरवडली, आता दांडी मागं आणि गिअर खाली. तुमचं ऐकतील. मी सांगाय गेले तर इचारतील, तुला गं काय ठावं? आणि "चुकतंय" असं म्हणू नगासा, वाईट वाटंल त्यास्नी. लई भला माणूस हाय. गाडी इकू नगा म्हणून मी एवढी भांडले, तरी आवाज चढिवला न्हाई. म्हणाले एवढंच—"उद्या घाटात इंजन बसलं तर एकट्या माणसानं काय करायचं?" घाटात! तुमी जाताच कवा घाटात, म्हणावं! मला तर हसूच आलं.

ती उशी? ठेवा, ठेवा तिथंच…व्हय, माझीच. बुटकी हाय न्हवं मी, उशी घेतल्याबिगर रस्ता दिसत न्हाई. मागच्या सीटखाली दडवून ठेवते. गेल्या म्हैन्यात उसवलीती, कापूस भाईर आलता, मालुबाईनं शिवली आसंल—मी काय तिला सांगितलं न्हवतं, पर बघितली आसंल तिनं. काय? सुतळी? दाखवा बघू. हिकडं उजेडात आणा…ही सुतळीच की. आणि टाका दाभणाचा, वखारीत तंबाखूची पोती शिवत्यात तसला. मालुबाईकडं कुठलं आलंय दाभण? वखारीची किल्ली तर मालकांच्या कमरंला…

एकट्या माणसानं काय करायचं, म्हणाले.

…मला म्हणत हुते, मिस्त्री. मी एकटी घाटात अडकंन म्हणून इकाय काढलीया गाडी. आणि मी हसले त्यास्नी.

फाटक वाजलं. तेच. गूळवाला बी हाय वाटतं संगं. न्हाई, तुमी आता काय बोलू नगासा, झाकण लावा, हात पुसा आणि मागच्या दारानं जावा. मालुबाई च्या दील. गाडीचं काय सांगायचं ते मीच सांगते त्यास्नी…जावा म्हणते न्हवं! आणि ती उशी—मागं नगं. म्होरं ठेवा. चाकाम्होरच्या जागंवर.