अर्जदाराचे गोविंदसिंगाशी नाते

विषय — मौजे किन्हीराजा येथील देवमन ग्यानबा यास स्वतःच्या मोटारीतून वाशीम स्टेशन ते कारंजा या रस्त्यावर पार्सलांची भाड्याने ने-आण करण्याचा परवाना मिळणेबाबत. संदर्भ — अर्जदाराचा अर्ज, त्या अर्जाचे स्मरणपत्र, आणि त्या स्मरणपत्राचे स्मरणपत्र. — असंच हाये ना साहेब तुमच्या कागदावर? पाहा, एक अक्षर इकडचं तिकडं नाई. पाठ झालं मले. तुमच्या हापिसात गेलं की बाबू वर पाह्यत नाई, नुसतं ‘विषय?’ म्हनते — मंग मी उभ्याउभ्या म्हनून दाखवतो, शाळेत पोट्टे पाढे म्हनतात तसा. आता तुमी चौकशीले घरी आले, म्हनजे कागद हालला म्हना. बसा ना. बाजेवर नोका बसू, ते ढिली हाये — इथं या, या गादीवर. नरम हाये का नाई? मोटारची मागची सीट होय ते. पार्सलायले जागा पाह्यजे म्हनून काढली अन् घरात आनून टाकली. पाव्हना आला की थाटात मोटारीत बसल्यासारखा बसते, फक्त कुठं जात नाई.

मोटार ते काय, निंबाखाली. लँडमास्टर. जिनिंगवाल्या शेठची होती, मी त्याचा डायवर. शेठनं नवी घेतली तवा जुनी मले देल्ली — अर्धी पगारात कापून, अर्धी उपकारात. चाकं जमिनीवरून उचलून विटायवर ठेवली, काहून की तुमच्या साहेबायनं चौकशी होयेस्तोवर हालवू नको म्हनून लेखी देल्लं. लेखी देल्लेलं मी मोडत नाई. आता कोंबड्या बसतात तिच्यात. त्यायले परवाना लागत नाई.

काम? काम सांगतो ना, त्याच्यासाठीच तं तुमाले पाठवलं. सकाळी वाशीम स्टेशनवर छोट्या लाइनीची गाडी येते, तिच्यातून पार्सलं उतरतात. मालेगावच्या दुकानाचे पंपाचे सामान, कारंज्याच्या सैफुद्दीन शेठच्या काचा-कपबश्या, टुरिंग टाकीजच्या पिच्चरचे डबे — ते डबे राह्यले असते तं अर्ध्या तालुक्यानं मले मारलं असतं — कोनाचा चश्मा, कोनाचं औषध, मायनं पोरीले धाडलेले सरगुंडे अन् पापड. एस्टीवाला टपावर टाकते अन् पुढच्या गावाले फेकते. मी दारात नेऊन देतो. हातात. आसेगावच्या रुपाबाईचं औषध तं मी तिले रंग सांगून देत होतो — लाल सकाळी, पांढरी झोपतानी — काहून की म्हातारीले वाचता येत नाई, अन् आता दिसतबी नाई.

अन् हे सुरू कोनी करून देल्लं? गोविंदसिंगनं. हो जी, तोच, मालेगावचा, पंपाच्या सामानाचा दुकानदार — तुमच्या कागदात ज्याचं नाव माह्यापेक्षा जास्ती वेळा हाये. मी शेठकडं पक्का नोकर होतो. हा मले म्हने, देवमन, किती दिवस दुसऱ्याची हाजी हाजी करशीन? गाडी तुही, रस्ता तुहा, मर्जी तुही, तू कोनाचा नोकर नाई राजा, तू मालक! माहं डोकं फिरलं ना मंग. आमच्या घरात तोवर मालक म्हनून कोनी कोनाले हाक मारली नोती. नोकरी सोडली. अन् खोटं नोतं त्याचं — टायर फुटला की मालक मी, पेट्रोल सरलं की मालक मी, नाल्याले पूर आला अन् मोटार काठावर अडकली की मालक मीच. फक्त माल पोचला की तेवढ्यापुरता मालक तो. परवान्याचं इचारलं तं म्हने, अर्ज करून ठेव, येते मांगून. केला. ते मांगून अजून यायचंच हाये.

वाईट नोतं पन. खोटं काहून बोलू? त्याच्या दुकानात गेलो की बसाले गोनपाट भेटे, चहा भेटे — माहा गिलास येगळा, खिडकीच्या दांडीवर पालथा ठेवलेला, पिऊन मीच इसळून ठेवाचा. चालते. छप्पन साली माह्या बापानं, ग्यानबानं, घरातले सगळे देव नेऊन नदीत सोडले, पन माहं नाव देवमन ते देवमनच राह्यलं — तसंच त्या गिलासाचं. सगळं एकाच दिवशी वाहून जात नाई.

मंग ते पथक आलं. तुमच्याच खात्याचं, जीपवालं. आनीबानीचे दिवस, सगळेच हापिसर जागे झालते. मालेगावच्या अलीकडं मोटार अडवली — मांगं पार्सलं, बाजूले गोविंदसिंग बसलेला. साहेब म्हने, खासगी मोटार, भाड्याचा माल, जप्त. अन् तेवढ्यात साहेब, गोविंदसिंगनं माह्या खांद्यावर हात टाकला. काय म्हने? ‘साहेब, भाडं कायचं? हा माहा साळा हाये. माह्या बायकोचा भाऊ. घरचं सामान घरी नेऊन राह्यला.’ इतक्या वर्षात पहिल्यांदा त्याचा हात माह्या आंगाले लागला होता. जड होता. साहेबानं इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं — साळा काळा, दाजी गोरा — पन लिहून घेतलं. तुमच्या खात्यात लिहून घेतलं म्हनजे झालंच ना.

अन् मंग ते साहेब खातरी कराले लागले, रस्त्यानं घरोघर. गोविंदसिंगनं त्यायच्या पुढं मानूस धाडला — सगळ्यायनं सांगजा, देवमन आपला नातेवाईक हाये. बाप्पा! एका दुपारात माहं गनगोत असं वाढलं का कोन्या राजाचं वाढलं नसन. कोनाचा मावसभाऊ, कोनाचा भाचजावई. आसेगावच्या लतीफानं सांगतलं का लहानपनी एका घरात वाढलो. रुपाबाईनं तं मले जन्मच देल्ला, साहेबाच्या समोर — म्हने, माह्या पोटचा हाये, धाकटा. सैफुद्दीन शेठ म्हने, ‘मेरा खालाजाद भाई है.’ साहेबानं इचारलं, शेठ, तुमच्या मावशीनं पोराचं नाव देवमन काहून ठेवलं? शेठ म्हने, ‘साहेब, उस की मर्जी.’ हासता का? हासा. आमीबी हासलो. गाडी सुटली ना.

घरी येऊन अंजनाले सांगतलं. अंजना म्हनजे माही बायको — ते आत भाकरी थापून राह्यली, तिले सगळं ऐकू येते, अन् मांगून ते सगळं मले ऐका लागते. म्हने, ‘असं? साळे झाले का तुमी त्यायचे? मंग बहिनीच्या घरी आज चहा कपात देल्ला का गिलासात?’ मी म्हतलं, तू गप राय, मानसानं जीव वाचवला आपला. पन एक सांगतो. त्या दिवसानंतर गोविंदसिंगची बायको, भागिरथाबाई, मले देवमन म्हनेनाशी झाली, ‘भाऊ’ म्हने. पहिले मस्करीत. मंग तशीच. ‘भाऊ, वाशीमाहून येतानी एवढं आनजा.’ अन् मी आनू. भाडं नाई. साळ्यानं दाजीकडून भाडं घ्यावं का? गोविंदसिंग तं उघड म्हने, ‘आता काय मागतं लेका, सरकारनंच नातं लावून देल्लं!’ गिराईक हासे. मीबी हासो.

हे लिहून राह्यले का तुमी? हे लिहू नोका. याचा इषयाशी संबंध नाई. — लग्नाचंबी नाई. त्यायच्या पोरीचं लग्न झालं, मी सगळं सामान आनलं, शामियान्याच्या गॅसबत्त्यांपासून नवरदेवाच्या जोड्यापर्यंत, तेवढंच. बाकी काही नाई. — काय नाई म्हतलं ना. — आता तुमी पाहून राह्यले माह्याकडं तं सांगतो, पन पेन खाली ठेवा. ठेवलं? मी कारंज्यातून एक साडी घेतली. जांभळी, बारीक काठाची. काहून म्हनजे? बायकोचा भाऊ म्हनजे नवरीचा मामा नाई का? मामानं आहेर करा लागते. मांगं उभं राहा लागते पोरीच्या, हार पडेस्तोवर. उभं राहाचं माह्या मनात नोतं हो — एवढा काही मी — तेवढं समजते मले. साडी देऊ अन् बाजूले बसू, एवढंच. अंजना म्हने, जाऊ नोका. मी टोपी धुतली अन् गेलो. भागिरथाबाईनं दारातूनच साडी घेतली. डोक्यावर पदर, डोये खाली. म्हने, ‘भाऊ, तुमी गाडीजवळच थांबा ना. पोरीच्या सासरची मंडळी हाये. ताट तिकडंच पाठवते.’ पाठवलं बरं का. बुंदी होती, दोन भाज्या होत्या, काही कमी नोतं. मोटारीत बसून जेवलो. मागची सीट तं घरी होती, म्हनून पुढच्या सीटवर, स्टेरिंगच्या मांगं, कुठं निघालो असल्यासारखा. तिकडं मंगलाष्टका झाल्या. ऐकू आल्या. — सोडा. उचला पेन.

मुद्द्यावर येतो. तुमच्या हापिसानं जाहीर केलं का या रस्त्यावर पार्सलासाठी एका गाडीले परवाना भेटन, अन् जो हे काम आधीपासून करून राह्यला त्याले पहिला हक्क. मी म्हतलं, आला आपला दिवस. माह्याशिवाय कोन करून राह्यलं होतं? फक्त गिराईकायनं येऊन सांगाचं, हो, हा आमचं पार्सल आनते अन् आमी भाडं देतो. मालेगावच्या विश्रामगृहात सुनावनी. गेलो. तिथं पाह्यतो तं बाहेर नवा कोरा टेंपो उभा, हार घातलेला. कोनाचा? गोविंदसिंगच्या पुतन्याचा, अमरसिंगचा. त्याचाबी अर्ज. मले वाटलं, असो, पोरगं हाये, गोविंदसिंग काही खोटं बोलनार नाई. अन् तो बोललाबी नाई, साहेब! म्हनजे नवं खोटं बोलला नाई. उभा राह्यला अन् मागचंच वाचून दाखवलं — ‘देवमन माहा साळा हाये. सरकारच्या कागदात लिहेल हाये. त्यानं कधी भाडं घेतलं नाई, धंदा केला नाई. नात्यागोत्यात सामान पोचवते, भला मानूस हाये.’ भला मानूस! लग्नात ताट गाडीत पाठवलं, अन् सुनावनीत सगळ्यायच्या देखत साळा. मी त्याच्याकडं पाह्यलं. तो खिडकीतून टेंपोकडं पाहून राह्यला होता.

बाकीचे त्याच्या मांगं. कोनी त्याचा उधारीवाला, कोनाले भेव की भाडं देल्लं म्हतलं तं जकात चुकवल्याचं निघन. रुपाबाईचं तं सांगूच नका. म्हातारी आसेगावाहून आली, दोन्ही हात जोडून म्हने, ‘साहेब, माह्या लेकानं माह्याकडून पैसा घेतला नाई हो कधी!’ तिले वाटे, मांगच्यासारखंच मले वाचवून राह्यली. मी डोये मिचकावतो, मान हालवतो — पन तिले मोतीबिंदू. बाहेर आली अन् माह्या तोंडावरून हात फिरवला, म्हने, सुटला ना रे? मी म्हतलं, सुटलो माय.

एकटा सैफुद्दीन शेठ खरं बोलला. म्हने, मी भाडं देल्लं, दर खेपेले, हा मानूस हेच काम करते. तं साहेबानं जुना कागद काढला — तुमी तं मावसभाऊ सांगतलं होतं? शेठ म्हने, ‘तब झूट बोला था.’ झालं. साहेबानं शेरा मारला, साक्षीदार खोटं बोलल्याचं स्वतः कबूल करते, साक्ष भरवशाची नाई. पाह्यलं का? एवढ्या खोट्या लोकायत जो एकटा खरं बोलला, तोच तुमच्या दफ्तरी लबाड.

अन् आता तुमी हा रकाना घेऊन आले. ‘अर्जदाराचे गोविंदसिंगाशी नाते काय.’ एका शब्दात लिहून द्याचं. मले समजते साहेब, मी मोटार चालवली हाये, पुढचं वळन दिसते. ‘साळा’ लिहिलं तं मी धंदा केलाच नाई, परवाना अमरसिंगले. ‘नातं नाई’ लिहिलं तं पथकाले खोटं सांगून गाडी सोडवली, इतकी वर्षं बिनापरवाना भाडं घेतलं, मोटार सरकारजमा. इकडून खड्डा, तिकडून नाला. अंजना रात्रंदिवस म्हनते, साळा लिहा अन् गाडी वाचवा, इकून तरी टाकता येईन. बरोबर हाये तिचं. शानी हाये.

द्या इकडं कागद. — नाई, मीच लिहितो. सातवीपर्यंत शिकलो मी. — हे घ्या. वाचा. — हो, तेच लिहिलं. नातं नाई. काहीच नाई. — काय होईन ते ठाऊक हाये हो, तुमी नोका समजावू. मोटार न्या, तिची चाबी त्या खुटीले हाये. कोंबड्या तेवढ्या हाकलून द्या पहिले. त्याच्या खांद्यावरच्या हाताचं वझं लय झालं मले.

अंजना, तू मधात बोलू नोको.

उठा आता. कारंज्याची एस्टी यायची वेळ झाली, ते थांबत नाई इथं, हात दाखवा लागते. — नाई, अर्ज मांगं घेत नाई मी. मोटार गेली तरी नाई. इचारलं साहेबायनं तं एवढंच सांगजा — अर्जदार हजर होता, रकाना भरून देल्ला, अन् परवान्याचा अर्ज प्रलंबित हाये.